ताटाची डावी बाजू मोठी करा
महानगरातील कच्चा आहार : एका प्रयोगाचा जमाखर्च



आपल्या मंडळाच्या गेल्या काही कार्यक्रमांत जेवणाच्या रांगेत एक विषय हमखास निघतो आहे. कोणाचा मुलगा कॉलेजातून "रॉ व्हीगन" होऊन आला आहे, कोणाच्या ऑफिसात एक सहकारी चूल न पेटवता वर्षभर राहिला आहे, तर कोणाला कच्च्या आहाराने मधुमेह पळून गेल्याची व्हिडिओ फीत भारतातून आली आहे. चर्चा रंगते, मग पुऱ्या गरम येतात आणि विषय तिथेच राहतो. म्हणून संपादकांच्या परवानगीने या पानावर तो जरा नीट मांडत आहे.

प्रथमच स्पष्ट केलेले बरे, की मी डॉक्टर नाही व आहारतज्ज्ञही नाही. शिक्षणाने इंजिनिअर, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर, वय छत्तीस, राहणार क्वीन्स, नोकरी मॅनहॅटनमध्ये. गेल्या वर्षीच्या तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.० आली. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा, आणि ६.५ पासून मधुमेह. माझ्या वडिलांना पंचेचाळिसाव्या वर्षी मधुमेह झाला व साठीच्या आत डोळ्यांवर लेसर उपचार करावे लागले. त्यामुळे ६.० हा आकडा मला नुसता आकडा वाटला नाही. डॉक्टरांनी वजन कमी करा, चाला आणि सहा महिन्यांनी या असे सांगितले. ऑफिसातील एका सहकाऱ्याने कच्चा आहार सुचविला. आमच्या धंद्यात कोणतीही नवी गोष्ट आधी लहान प्रमाणावर चालवून पाहतात. त्याप्रमाणे डॉक्टरांना सांगून, तारीख ठरवून, सप्टेंबरचे चार आठवडे मी पूर्ण कच्च्या आहारावर राहिलो. त्या चार आठवड्यांतून व त्यानंतरच्या वाचनातून जे हाती लागले ते पुढे देत आहे.

रॉ व्हीगन म्हणजे नेमके काय?

व्हीगन म्हणजे केवळ मांसाहार वर्ज्य नव्हे, तर दूध, दही, तूप व मधही वर्ज्य. रॉ म्हणजे सामान्यतः ११८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४८ अंश सेल्सिअसच्या वर न तापवलेले. उरले काय? फळे, भाज्या, भिजवलेले वा मोड आलेले धान्य, सुकामेवा, बिया, ओले खोबरे. भात नाही, पोळी नाही, आमटी नाही, आणि चहाही नाही.

कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडमध्ये डॉ. बिर्शर-बेनर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झुरिकच्या आपल्या आरोग्यधामात रुग्णांना कच्ची फळे व भाज्या देण्यास सुरुवात केली. आज डब्यात मिळणारे म्यूसली ही त्यांचीच देणगी. अमेरिकेत बॉस्टनच्या ॲन विगमोर यांनी गव्हांकुरांचा रस लोकप्रिय केला. गांधीजींनी तर १८९३ साली प्रिटोरियात न शिजवलेले धान्य, फळे व सुकामेवा यांवर राहण्याचा प्रयोग केला आणि अशक्तपणामुळे तो दोन आठवड्यांच्या आत थांबविला. १९२९ मध्ये तो पुन्हा केला, तोही प्रकृतीमुळे सोडावा लागला. पुण्याजवळ उरुळीकांचन येथे १९४६ साली त्यांनी सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे.

कच्च्या आहाराचे दावे तपासून पाहू

पहिला दावा असा, की शिजवल्याने अन्नातील एन्झाइम्स मरतात व मग पचनाचा भार शरीरावर पडतो. अन्नातील एन्झाइम्स ही प्रथिने असतात, आणि पोटातील आम्लात बहुतेक प्रथिनांची घडी मोडते. पचनासाठी लागणारी एन्झाइम्स आपले शरीर स्वतः तयार करते, काकडीकडून उसनी घेत नाही. हा दावा फारसा टिकत नाही.

दुसरा दावा, शिजवल्याने जीवनसत्त्वे जातात. यात अर्धे सत्य आहे. 'क' जीवनसत्त्व आणि फोलेट उष्णतेने कमी होतात व उकळलेल्या पाण्यात उतरतात. आपण भाजीचे पाणी ओतून देतो तेव्हा ते नळीतून जाते. परंतु उलटही घडते. टोमॅटोतील लायकोपीन आणि गाजरातील कॅरोटीन शिजवल्यावर, थोड्या तेलाबरोबर, शरीराला जास्त मिळते. पालकातील ऑक्झलेट उकळल्याने कमी होते. हे ऑक्झलेट काय करते ते समजण्यासाठी अळू आठवा. कच्चे अळू खाल्ले की घसा खाजतो, म्हणूनच आपल्याकडे फतफते चांगले शिजवून, चिंच घालून करतात.

तिसरा दावा वजनाचा, आणि तो खरा आहे. कच्च्या आहारावर वजन उतरते. कारण साधे आहे. एक किलो काकडीत सुमारे दीडशे कॅलरी असतात. दिवसाला १८०० कॅलरी हव्या असतील तर बारा किलो काकडी खावी लागेल! पोट आधी भरते, कॅलरी मागे राहतात. शिवाय वडापाव, बिस्किटे, फरसाण, सोडा हे सगळे एका दिवसात बंद होते. माझे वजन चार आठवड्यांत ७८ किलोवरून ७४.६ वर आले, आणि उपाशीपोटीची साखर १०८ वरून ९९ वर. एचबीएवनसी मात्र मी तेव्हा मुद्दाम पाहिले नाही, कारण ते सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते. चार आठवड्यांत ते तपासून आनंद करण्यात अर्थ नसतो.

आता दुसरी बाजू. पोट भरण्यासाठी कच्चे खाणारे लोक खजूर, केळी, काजू यांकडे वळतात. एका मोठ्या मेजूल खजुरात सुमारे १६ ग्रॅम साखर असते. ब्लेंडरमध्ये चार खजूर टाकले की ६४ ग्रॅम झाली. वरून तो पेला हिरवागार दिसतो, त्यामुळे मनाला समाधान. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाने हे समाधान टाळावे. प्रथिनांचेही तसेच. कपभर मोड आलेल्या कच्च्या मुगात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने, तर कपभर शिजवलेल्या मुगात सुमारे १४. माझ्या वजनाला दिवसाला साधारण ६० ग्रॅम लागतात. चौथ्या आठवड्यात मला सतत भूक व थंडी जाणवत होती आणि दुपारच्या मीटिंगमध्ये माझे लक्ष बदामांच्या पिशवीकडे असे.

ज्यांनी वर्षानुवर्षे केले त्यांचे काय?

जर्मनीतील गीसेन येथे दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांचा अभ्यास झाला व १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पंचेचाळीस वर्षांखालील स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झाली होती वा पूर्ण थांबली होती. शरीराला पुरेशी ऊर्जा मिळत नसल्याची ती खूण होय. त्याच गटाच्या २००५ सालच्या अहवालात कच्चा आहार घेणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल कमी होते, ही जमेची बाजू. परंतु ३८ टक्के लोकांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका लहान अभ्यासात कच्चे शाकाहारी खाणाऱ्यांच्या हाडांची घनता कमी आढळली.

म्हणजे निष्कर्ष सरळ आहे. भाज्या व फळे वाढविणे, साखर, मैदा व तळण घटविणे, हा या आहाराचा नफा. चूल पूर्ण विझविणे हा त्याचा तोटा. नफा घेण्यासाठी तोटा सोसण्याचे कारण नाही.

ही केवळ माझी समजूत नव्हे. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली आले. उंबरठ्यावरील ज्या लोकांना वजन सात टक्के उतरविण्याचे व आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे ध्येय दिले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटले. त्यात कोणी चूल बंद केली नव्हती. आपल्या न्यूयॉर्क शहरातही हीच दिशा दिसते. बेलव्ह्यू या सार्वजनिक रुग्णालयात २०१९ पासून वनस्पतिजन्य आहारावर आधारलेला उपचार कार्यक्रम सुरू झाला, आणि २०२२ मध्ये शहराच्या अकराही सार्वजनिक रुग्णालयांत दाखल रुग्णांना प्रथम वनस्पतिजन्य जेवण सुचविण्याची पद्धत आली. तिथेही डाळी, कडधान्ये व भाज्या शिजवूनच देतात.

आईचा फोन

माझे वजन उतरल्याचे कळताच सांगलीहून आईचा फोन आला. "अरे, मग मी पण कच्चंच खायला लागते. गोळ्या तरी सुटतील."

हे वाक्य मी इतर अनेक घरांतूनही ऐकले आहे. आपल्या आई-वडिलांना गोळ्यांचा कंटाळा आलेला असतो, आणि मुलगा अमेरिकेतून काही सांगतो म्हणजे ते बरोबरच असणार अशी त्यांची भाबडी श्रद्धा असते. म्हणून या मुद्द्यावर थोडे सविस्तर.

आई वीस वर्षे मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड या दोन औषधांची मिळून एक गोळी घेते. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. गोळी तीच ठेवली आणि भात-भाकरी एकदम बंद केली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ, कधी बेशुद्धी. एकट्या राहणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईच्या बाबतीत हा प्रसंग साखर वाढण्यापेक्षा लवकर जिवावर बेतू शकतो. उलट गोळी आपल्या मनाने बंद केली तर साखर वर जाते. म्हणून आधी डॉक्टर, मग डोस, मग ताट, हाच क्रम.

दुसरे, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकते. त्यात आई जन्माची शाकाहारी. वनस्पतींमध्ये बी-१२ भरवशाचे मिळत नाही. स्पिरुलिनामध्ये जे असते ते बहुतांशी शरीराला न वापरता येणारे रूप असते. आईच्या पायाला दोन वर्षे मुंग्या येत होत्या. "साखरेनं होतं ते" असे तिने स्वतःच ठरविले होते. मधुमेह व बी-१२ची कमतरता, दोहोंमुळे पायाला सारख्याच मुंग्या येतात, आणि बी-१२कडे फार काळ दुर्लक्ष झाले तर मज्जातंतूंची हानी कायमची होऊ शकते. शिवाय हिरव्या पालेभाज्यांतील फोलेट भरपूर मिळाले तर रक्तक्षयाची खूण झाकली जाते आणि आतली हानी चालूच राहते. म्हणजे कच्च्या हिरव्या आहाराने तिला वरवर बरे वाटले असते व मूळ दुखणे वाढले असते.

मी तिला एवढेच म्हटले, "आई, गोळीला हात लावू नकोस. आधी डॉक्टरांकडे जाऊन बी-१२ तपासून घे." अहवाल १८० आला. २००च्या खाली कमतरता धरतात. डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली. तीन महिन्यांनी मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. आहारही बदलला, पण हळूहळू, साखर रोज वहीत लिहून, आणि ग्लिमेपिराइडचा डोस डॉक्टरांनी स्वतः कमी केला. गोळ्या सुटल्या नाहीत, एक लहान झाली. आई त्यावर खूश आहे.

सावधगिरीच्या जागा

१. राजमा कच्चा वा नुसता मोड आणून कधीही खाऊ नये. त्यातील लेक्टिनमुळे चार-पाच दाण्यांनीही जोराच्या उलट्या-जुलाब होऊ शकतात. रात्रभर भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळावा किंवा कुकरला लावावा. मंद आचेचा स्लो कुकर यासाठी चालत नाही.

२. मोड आलेली कडधान्ये आपल्याला घरची म्हणून निर्धोक वाटतात. परंतु जंतू बियातच असले तर मोड आणण्याच्या उबेत तेही वाढतात, आणि धुऊन जात नाहीत. २०११ साली जर्मनीत ई-कोलायची मोठी साथ आली व पन्नासच्या आसपास माणसे दगावली. तिचा माग इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांच्या मोडांपर्यंत लागला. मेथीच्या! लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी मटकी-मूग चांगली वाफ काढूनच खावेत. आमच्या घरी आता सर्वच जण तसे खातात.

३. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालक, केल यांचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. त्यातील 'के' जीवनसत्त्व औषधाचा परिणाम घटविते. मूतखड्याचा वा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी रोज कच्च्या पालकाचा रस पिऊ नये.

४. लहान मुलांचे पोट लहान, गरज मोठी. त्यांना पूर्ण कच्च्या आहारावर ठेवू नये. आमची कन्या सहा वर्षांची आहे. तिला गाजराच्या काड्या मिळतात, आणि वरणभातही मिळतो.

५. पाकिटावर "रॉ" लिहिले म्हणजे ते कच्चे असतेच असे नाही. काजूच्या टरफलात त्वचा जाळणारे तेल असते, म्हणून ते फोडण्याआधी वाफवावे वा भाजावेच लागतात. कॅलिफोर्नियाचे बदाम २००७ पासून निर्जंतुक करूनच विकावे लागतात. त्या शब्दासाठी दीडपट दाम मोजण्याचे कारण नाही.

आपले ताट आधीच अर्धे तयार आहे

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. मराठी ताट वाढण्याची रीत आठवा. उजवीकडे भाज्या व आमटी, मध्ये भात व पोळी. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, पचडी. कच्चा आहार आपल्याकडे डाव्या बाजूला शतकानुशतके बसलेला आहे. परदेशात आल्यावर घाईगर्दीत पहिली सुट्टी मिळाली ती त्या बाजूला. राहिली ती फक्त लोणच्याची बाटली.

म्हणून आम्ही नवीन काही न शिकता एवढेच केले : डावी बाजू मोठी केली. अर्धे ताट कच्च्या व हलक्या वाफवलेल्या भाज्यांचे, पाव ताट डाळ-उसळीचे, पाव ताट भात वा भाकरीचे. दही सोडायचे असेल त्यांनी दाण्याचे कूट, ओले खोबरे व लिंबू वापरावे, चव कुठेही कमी पडत नाही. खमंग काकडी, कोबीची पचडी, गाजराची कोशिंबीर, बीट किसून, मुळ्याचा कीस पाल्यासकट, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर. चैत्रातील आंब्याची डाळ तर फोडणी सोडली तर पूर्ण कच्ची : भिजवलेली हरभऱ्याची डाळ जाडसर वाटून, कैरी किसून, मिरची, मीठ, खोबरे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात ती खाताना आपण "रॉ व्हीगन" खातो आहोत हे कोणाच्या मनातही येत नाही.

लिंबू पिळण्याची सवयही शास्त्राला धरून आहे. वनस्पतीतील लोह शरीरात कमी शोषले जाते, 'क' जीवनसत्त्वामुळे ते जास्त शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास मात्र ते पुन्हा घटते. चहा तासाभराने घ्यावा.

महानगरात जमवायचे कसे?

येथील दिवस कसा जातो ते आपण सारे जाणतो. सकाळी सबवे, संध्याकाळी सबवे, मध्ये ऑफिसच्या इमारतीखाली पिझ्झा. अशा वेळी निश्चय कामाचा नाही, व्यवस्था कामाची. आमची व्यवस्था अशी.

रविवारी खरेदी. जॅक्सन हाइट्सला चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर काकडी, कोथिंबीर, मिरच्या, नारळ, डाळी. उन्हाळ्यात टोमॅटो व पालेभाज्यांसाठी युनियन स्क्वेअरचा शेतकरी बाजार. तो १९७६ पासून भरतो, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार असतो. ऑफिसातून परतताना उतरता येते. फुटपाथवरील गाड्यांवर फळे सुपरमार्केटपेक्षा पुष्कळदा स्वस्त मिळतात.

रविवारी रात्री अर्धा तास किसणे-चिरणे. कोबी, गाजर, बीट वेगवेगळ्या डब्यांत. मीठ व लिंबू आयत्या वेळी, नाहीतर पाणी सुटते. दाण्याचे कूट आठवड्याचे. सकाळी एक डबा उचलला, मटकीची उसळ दुसऱ्यात, झाले.

हिवाळ्यात फ्रोझन मटार, पालक व बेरी निःसंकोच वापराव्यात. त्या काढणीनंतर लगेच गोठवलेल्या असतात व पोषणात ताज्याच्या जवळपास असतात. जानेवारीत थंड सॅलड घशाखाली उतरत नाही, तेव्हा गरम आमटीबरोबर पचडी घ्यावी. आणि हिवाळ्यात या अक्षांशावर ऊन इतके तिरपे असते, की त्वचेत 'ड' जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. सावळ्या त्वचेला तर ऊन अधिकच लागते. 'ड' तपासून घेऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

पैशाचा हिशेब

हे पान आरोग्याबरोबर अर्थकारणाचेही असल्याने वहीतले आकडे देतो. आम्ही घरात तिघे. पूर्वी आठवड्याला ग्रोसरी १६० डॉलर व बाहेरचे खाणे ९० डॉलर, एकूण २५०. पूर्ण कच्च्या चार आठवड्यांत सुकामेवा, ॲव्होकॅडो व बेरी यांमुळे ग्रोसरी २५५वर गेली, बाहेरचे खाणे ३०, एकूण २८५. आता डाव्या बाजूच्या पद्धतीने ग्रोसरी १८०, बाहेरचे ४५, एकूण २२५. म्हणजे जुन्यापेक्षा आठवड्याला २५ डॉलरची बचत, वर्षाला १३००. महागडा ब्लेंडर घेतला नाही. किसणी आईने दिलेली होती.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. भाजीपाल्याचा नेहमीचा खर्च एफएसए वा एचएसए खात्यातून करता येत नाही. मधुमेह प्रतिबंधाचे वर्षभराचे वर्ग पात्र व्यक्तींना मेडिकेअरमधून २०१८ पासून मिळतात, आणि अनेक नोकऱ्यांच्या विम्यातही असतात. आपल्या विमा कंपनीला एक फोन अवश्य करावा. शिवाय अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची मर्यादा बीएमआय २५ऐवजी २३ केली आहे, कारण आपल्याला मधुमेह कमी वजनावरही गाठतो. "मी काही जाडा नाही" हे उत्तर आपल्या बाबतीत पुरेसे नाही. घरात कोणाला मधुमेह असेल तर डॉक्टरांना हे सांगून तपासणी मागून घ्यावी.

निकाल

सहा महिन्यांनंतर माझे एचबीएवनसी ५.६ आले, वजन ७३.५ किलो. बीएमआय अजून २५ आहे, म्हणजे २३ गाठण्यास सहा किलो बाकी. या काळात मी ताट बदलले, रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे चालू लागलो, सोडा सोडला व साडेदहाला झोपू लागलो. चार गोष्टी एकदम बदलल्यामुळे श्रेय कोणा एकाला देता येणार नाही, आणि एका माणसाचा अनुभव हा पुरावाही नव्हे. पण यातील एकही गोष्ट महाग नाही व एकीनेही कोणाला अपाय होण्यासारखा नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी प्रथम चार तपासण्या करून घ्याव्यात : एचबीएवनसी, बी-१२, 'ड' जीवनसत्त्व व हिमोग्लोबिन. पूर्ण व्हीगन राहणाऱ्यांनी बी-१२ची गोळी कायम घ्यावी, त्याला पर्याय नाही. मधुमेह, रक्तदाब वा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर ताट बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. भारतातील आई-वडिलांना फोनवर नवा आहार सुचविण्याआधी त्यांच्या गोळ्यांची नावे विचारून घ्यावीत, आणि पायाला मुंग्या येतात का, हेही विचारावे.

पुढील कार्यक्रमाच्या स्वयंपाक समितीला एक नम्र विनंती. जेवणाच्या टेबलावर दोन कोशिंबिरी व एक पचडी सुरुवातीलाच मांडाव्यात, पुऱ्या त्यानंतर. रांगेत आधी हाताला जे लागते तेच ताटात जास्त येते. कोबी किसायला मी सकाळी आठला हजर राहीन, किसणी घरूनच आणीन.